मार्गदर्शन संवादातील प्रश्नकौशल्य

मार्गदर्शन संवादातील प्रश्नकौशल्य म्हणजे समुपदेशन, व्यवसाय मार्गदर्शन, व्यसनमुक्ती किंवा वैयक्तिक कोचिंग यांसारख्या संवादांत योग्य वेळी योग्य प्रश्न विचारण्याची क्षमता होय. अशा प्रश्नांच्या साहाय्याने सल्लार्थी स्वतःची परिस्थिती स्पष्टपणे पाहू शकतो आणि आपला निर्णय आपणच घेऊ शकतो. या प्रश्नांचा मुख्य हेतू मार्गदर्शकाला माहिती मिळावी हा नसतो. उत्तर देता देता सल्लार्थीला स्वतःविषयी काही नवे उमगावे, हा असतो. म्हणून प्रश्नाची परिणामकारकता मार्गदर्शकाच्या चातुर्यावरून ठरत नाही. त्यानंतर सल्लार्थी काय बोलतो, काय आठवतो आणि पुढे काय करतो, यावरून ती ठरते.

संज्ञा

महाराष्ट्रात ‘कोचिंग’ हा शब्द प्रामुख्याने दोन अर्थांनी रूढ आहे : परीक्षेच्या तयारीचे शिकवणी वर्ग आणि खेळाडूंचे प्रशिक्षण. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला तिसरा अर्थ प्राप्त झाला. नोकरी, व्यवसाय, नातेसंबंध किंवा जीवनातील एखादा पेच यांविषयी प्रशिक्षित व्यक्तीशी ठरावीक काळ केलेला हेतुपूर्वक संवाद, असा तो अर्थ आहे. प्रस्तुत लेखात हाच अर्थ अभिप्रेत आहे. समुपदेशनात मानसिक त्रासाचे निवारण केंद्रस्थानी असते, तर कोचिंगमध्ये पुढील उद्दिष्टाकडे वाटचाल. प्रश्न विचारण्याचे तंत्र मात्र दोन्हींत बहुतांशी समान आहे.

मार्गदर्शनासाठी येणाऱ्या व्यक्तीस मराठीत सर्वमान्य संज्ञा नाही. वकिलाकडे येणारा तो अशील, डॉक्टरांकडे येणारा रुग्ण आणि दुकानात येणारा गिऱ्हाईक. पण समुपदेशकाकडे येणाऱ्यास यांपैकी एकही शब्द नीट लागू पडत नाही. त्यामुळे येथे ‘सल्लार्थी’ ही संज्ञा वापरली आहे, जरी अशा संवादात प्रत्यक्ष सल्ला फार थोडा दिला जात असला तरी.

अन्य क्षेत्रांतील प्रश्नांहून भिन्नता

प्रश्न विचारणे हे अनेक व्यवसायांचे साधन आहे. वर्गात शिक्षक प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. विद्यार्थ्याला ते येते की नाही, एवढेच पाहायचे असते. न्यायालयातील उलटतपासणीत साक्षीदाराला एका ठरावीक उत्तराकडे नेणे हे वकिलाचे कौशल्य मानले जाते. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर लक्षणे विचारतात, कारण उत्तराचा उपयोग त्यांना निदानासाठी होतो. जनगणनेचा प्रगणक सर्वांना एकच प्रश्नावली लावतो.

मार्गदर्शन संवादात या चारही सवयी अडसर ठरतात. येथे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा उत्तर देणाऱ्यालाही ते पूर्णपणे ठाऊक नसते. बोलताना ते आकार घेते. त्या उत्तराचा पहिला उपयोग उत्तर देणाऱ्यालाच व्हायचा असतो. शिक्षक, वकील, डॉक्टर यांसारख्या व्यवसायांतून या क्षेत्रात येणाऱ्या व्यक्तींना आपली जुनी प्रश्नपद्धती जाणीवपूर्वक बाजूला ठेवावी लागते.

पूर्वपीठिका

प्रश्नोत्तरांतून ज्ञानप्राप्ती ही कल्पना प्राचीन आहे. अथर्ववेदाशी संबंधित प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना आधी एक वर्ष तप आणि ब्रह्मचर्य पाळून राहण्यास सांगतात व मग त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देतात. भगवद्‌गीतेत ज्ञानप्राप्तीचा मार्ग सांगताना ‘परिप्रश्न’ हा शब्द येतो. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्र’ या आद्य मराठी गद्यग्रंथातही अनुयायांनी विचारावे आणि चक्रधरस्वामींनी उत्तर द्यावे, असे प्रसंग आहेत. या परंपरेत शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. आधुनिक मार्गदर्शन संवादात ही दिशा उलटी झाली आहे. ज्याच्याकडे लोक उत्तरासाठी येतात, तोच प्रश्न विचारतो. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस हा या उलट्या दिशेचा आद्य प्रवर्तक मानला जातो. त्याची आई सुईण होती आणि आपले कामही तसेच, म्हणजे दुसऱ्याच्या मनातील विचार जन्मास येण्यास मदत करण्याचे आहे, अशी उपमा प्लेटोच्या संवादात त्याच्या तोंडी आली आहे.

आधुनिक काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या समुपदेशनविषयक ग्रंथात ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द वापरला आणि ध्वनिमुद्रित केलेल्या एका संपूर्ण उपचारमालेचे शब्दशः टिपण छापले. समुपदेशक नेमके काय बोलतो, हे त्यामुळे प्रथमच तपासता आले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत आणि त्यानंतर ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचार पद्धतीत, मनातील गृहीतकांना प्रश्न विचारून तपासणे हे मध्यवर्ती तंत्र बनले. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे सुरू केलेल्या केंद्रात उत्तराभिमुख संक्षिप्त उपचार पद्धती आकारास आली. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यासक्त व्यक्तींशी बोलण्याची, बदलाची कारणे त्यांच्याच तोंडून येऊ देणारी पद्धत मांडली. पुढे १९९१ मध्ये त्यांनी स्टीफन रोलनिक यांच्यासह तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

कोचिंगला हे तंत्र क्रीडाक्षेत्रातूनही मिळाले. टिमथी गॅलवे यांच्या टेनिसविषयक पुस्तकाने (१९७४) खेळाडूला सूचना देण्यापेक्षा त्याचे लक्ष जागे करण्यावर भर दिला. क्रिकेटचे उदाहरण घेतल्यास, ‘चेंडूवर नजर ठेव’ ही सूचना ऐकून फलंदाज मान डोलावतो. पण ‘चेंडूची शिवण कोणत्या दिशेला होती?’ असे विचारल्यास पुढच्या चेंडूकडे त्याला खरोखर पाहावेच लागते. ब्रिटिश मोटार शर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथातून ही दृष्टी उद्योगक्षेत्रात लोकप्रिय केली. १९९५ मध्ये व्यावसायिक कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात हे तंत्र वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले. मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली; विद्यार्थ्यांच्या क्षमतांचे मापन आणि मार्गदर्शन यांना तेथे आरंभापासून स्थान आहे. एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा प्रसार किशोर फडके यांनी केला. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनीच समुपदेशक म्हणून काम करणे, हे या केंद्राचे वैशिष्ट्य ठरले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्य संस्था (आयपीएच) स्थापन केली. या संस्थेच्या ‘वेध’ या व्यवसाय मार्गदर्शन उपक्रमात व्याख्यानाऐवजी मंचावरील प्रश्नोत्तरांतून पाहुण्यांचा जीवनप्रवास उलगडला जातो.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये कुटुंब न्यायालयांत समुपदेशकांची तरतूद झाली, त्यामुळे वैवाहिक वादांतही असा संवाद अधिकृतपणे आला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आय कॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली. दूरध्वनीवर चेहरा दिसत नसल्यामुळे अशा सेवांत प्रश्नाचे शब्द आणि आवाजाचा सूर यांचे महत्त्व आणखी वाढते.

प्रश्नांचे प्रकार

बंद प्रश्न : ज्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एका शब्दात देता येते, तो बंद प्रश्न. ‘तुम्ही घरी बोललात का?’ हा त्याचा नमुना. वस्तुस्थिती पडताळण्यासाठी आणि तातडीच्या प्रसंगी तो आवश्यक असतो. मात्र असे प्रश्न सलग विचारल्यास संवादाला चौकशीचे रूप येते.

खुला प्रश्न : ‘घरी बोलणे झाले तेव्हा काय काय घडले?’ यासारखा प्रश्न सल्लार्थीला स्वतःच्या क्रमाने आणि स्वतःच्या शब्दांत सांगण्यास वाव देतो. तो कोठून सुरुवात करतो, यातूनही त्याच्या दृष्टीने काय महत्त्वाचे आहे, हे कळते.

स्पष्टीकरणाचा प्रश्न : सल्लार्थीने वापरलेला एखादा मोघम शब्द त्यालाच उलगडण्यास सांगणारा प्रश्न. ‘टेन्शन’, ‘सेटल होणे’, ‘घरचे’ हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळ्या अर्थाने येतात. ‘घरचे म्हणजे कोण कोण?’ एवढ्या साध्या प्रश्नानेही अनेकदा चित्र बदलते.

श्रेणीचा प्रश्न : ‘शून्य ते दहा या मोजपट्टीवर आज तुमची तयारी किती?’ असे विचारून भावनेला अंक दिला जातो. उत्तर चार आल्यास पुढचा प्रश्न ‘दहा का नाही?’ असा नसावा. ‘तीन न म्हणता चार म्हणालात, ते कशाच्या बळावर?’ असा असावा. पहिल्या प्रश्नाने उणिवा बाहेर येतात, तर दुसऱ्याने आधीपासून असलेले बळ.

अपवादाचा प्रश्न : ‘हा त्रास झाला नाही, असा गेल्या महिन्यातला एखादा दिवस आठवतो का? त्या दिवशी काय वेगळे होते?’ अडचण सर्वकाळ सारखी नसते, हे त्यातून सल्लार्थीच्याच लक्षात येते.

पुराव्याचा प्रश्न : ‘मला हे जमणारच नाही’ यासारख्या ठाम विधानाबाबत ‘हे कशावरून ठरवले?’ असे विचारून त्यामागील गृहीतक तपासले जाते. सूर किंचित जरी आव्हानाचा झाला, तरी हा प्रश्न वादाला आमंत्रण देतो.

सूचक प्रश्न : ज्याच्या पोटात उत्तर दडलेले असते, तो सूचक प्रश्न. ‘त्यापेक्षा परीक्षेनंतर निर्णय घेतलेला बरा, नाही का?’ हा रूपाने प्रश्न असला तरी वस्तुतः सल्ला आहे. सल्ला द्यायचाच असेल, तर तो परवानगी घेऊन उघडपणे द्यावा. प्रश्नाच्या वेषात देऊ नये, असा संकेत आहे.

मराठी भाषेतील प्रश्नरचना

मार्गदर्शनाची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीत असल्यामुळे त्यांतील नमुना प्रश्न शब्दशः भाषांतरित केले जातात आणि ते कृत्रिम वाटतात. मराठीच्या स्वतःच्या प्रश्नरचनेत काही सोयी आहेत आणि काही धोकेही आहेत.

‘का’चे दुहेरी कार्य : ‘तुम्ही गेलात का?’ हा होकार-नकाराचा प्रश्न आहे, तर ‘तुम्ही का गेलात?’ हा कारण विचारणारा. एका अक्षराची जागा बदलताच बंद प्रश्न खुला होतो. मात्र कारणवाचक ‘का’ला मराठीत जाब विचारण्याचा सूर सहज चिकटतो. ‘उशीर का झाला?’, ‘गुण कमी का पडले?’ हे प्रश्न बहुतेकांनी लहानपणापासून घरी आणि शाळेत ऐकलेले असतात. त्यांचे उत्तर सहसा समर्थन किंवा सबब असते. त्याऐवजी ‘कशामुळे’ हा शब्द घटनेच्या कारणाकडे आणि ‘कशासाठी’ हा शब्द हेतूकडे लक्ष वेधतो. ‘तुम्ही नोकरी का सोडली?’ यापेक्षा ‘नोकरी सोडावी असे कशामुळे वाटू लागले?’ हा प्रश्न अधिक मोकळे उत्तर मिळवतो.

द्विरुक्त प्रश्नवाचके : ‘काय काय’, ‘कोण कोण’, ‘कुठे कुठे’, ‘कसे कसे’ ही रूपे मराठीची मोठी सोय आहेत. ‘काय अडचण आहे?’ या प्रश्नात अडचण एकच असल्याचे गृहीत धरलेले आहे. ‘काय काय अडचणी येतात?’ या प्रश्नात अनेक उत्तरांना आधीच जागा करून दिलेली असते. ‘घरी कोणाला सांगितले?’ आणि ‘घरी कोणाकोणाला सांगितले?’ यांतही असाच फरक आहे. याला एक अपवाद म्हणजे ‘कधी कधी’. त्याचा रूढ अर्थ ‘अधूनमधून’ असा असल्याने काळाविषयी विचारताना ‘केव्हा केव्हा’ हे रूप वापरणे सोयीचे ठरते.

‘ना’ आणि ‘की’ : ‘अभ्यास करता ना?’ यातील ‘ना’ होकाराची अपेक्षा व्यक्त करतो. वडीलधाऱ्यांसमोर ‘नाही’ म्हणणे अनेकांना अवघड जाते, त्यामुळे असा होकार भरवशाचा नसतो. ‘नोकरी करायची की धंदा?’ यातील ‘की’ जगातील सर्व शक्यता दोनवर आणून ठेवतो. नकारात्मक प्रश्नही संदिग्ध ठरतात. ‘तुम्ही सांगितले नाही का?’ या प्रश्नाला मिळालेल्या ‘हो’चा अर्थ सांगितले असाही होतो आणि नाही सांगितले असाही.

‘आपण’ : हे सर्वनाम आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणून येते, बोलणारा व ऐकणारा या दोघांना सामावणारे ‘आपण’ म्हणून येते आणि ‘स्वतः’ या अर्थीही येते. ‘मग आपण काय करायचे?’ असे समुपदेशकाने विचारले, तर सल्लार्थीला आधार वाटतो. पण निर्णयाची जबाबदारी दोघांत वाटली गेल्याचा समजही होऊ शकतो. सोबत दाखवायची असेल तेव्हा ‘आपण’ आणि निर्णयाविषयी विचारायचे असेल तेव्हा ‘तुम्ही’, असा विवेक उपयुक्त ठरतो.

‘वाटणे’ : ‘तुम्हाला काय वाटले?’ या रचनेत अनुभव व्यक्तीला येतो, ती तो ‘करत’ नाही. त्यामुळे प्रश्नात दोषारोप राहत नाही. तथापि ‘वाटणे’ या एकाच क्रियापदात भावना, मत आणि अंदाज हे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. ‘वाईट वाटले’, ‘चुकीचे वाटले’ आणि ‘येईल असे वाटले’ यांत फरक आहे. म्हणून उत्तर कोणत्या अर्थाने आले, हे पुढच्या प्रश्नाने निश्चित करावे लागते.

रूप बंद, कार्य खुले : ‘त्याबद्दल थोडे सांगाल का?’ हा व्याकरणदृष्ट्या होकार-नकाराचा प्रश्न असला, तरी मराठी व्यवहारात तो सौजन्यपूर्ण निमंत्रण असतो. प्रश्नाचे वर्गीकरण केवळ रूपावरून करता येत नाही, हे त्यावरून दिसते.

संवादाचा क्रम

व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेल्या आराखड्यात चार टप्पे आहेत. मराठीत त्यांना उद्दिष्ट, वास्तव, पर्याय आणि निश्चय असे म्हणता येईल. ‘या भेटीच्या अखेरीस हाती काय असावे?’ हा उद्दिष्टाचा प्रश्न. ‘आज नेमके कुठे आहात? आतापर्यंत काय काय करून पाहिले?’ हे वास्तवाचे प्रश्न. ‘आणखी काय करता येईल?’ हा पर्यायांचा प्रश्न असून तो एकापेक्षा अधिक वेळा विचारला जातो. पहिले दोन-तीन पर्याय बहुधा आधी ऐकलेले असतात, त्यानंतरचे स्वतःचे असतात. ‘यांपैकी काय, केव्हा करणार आणि आड काय येईल?’ हा निश्चयाचा प्रश्न. प्रत्यक्ष संवादात हे टप्पे पुढेमागे होतात. वास्तव तपासताना मूळ उद्दिष्टच बदलल्याचे अनेकदा आढळते.

दोन प्रश्नांमधील शांतता हाही या क्रमाचा भाग आहे. प्रश्न विचारल्यावर समोरची व्यक्ती गप्प राहिली, की नवखा मार्गदर्शक अस्वस्थ होऊन दुसरा प्रश्न विचारतो किंवा स्वतःच उत्तर सुचवतो. विचार सुरू असताना दिलेली अशी मदत तो विचार मोडते. तसेच लागोपाठ प्रश्न न विचारता मधूनमधून ऐकलेले थोडक्यात परत सांगणे आवश्यक असते. त्यामुळे आपले बोलणे नीट पोहोचले की नाही, हे सल्लार्थीला पडताळता येते.

पनवेल परिसरातील नमुना संवाद

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका गेल्या अर्धशतकात झपाट्याने बदलला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये झालेल्या शेतकरी आंदोलनानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती वाढल्या; १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. भातशेती आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या कुटुंबांपुढे भूखंड, भाडे, नोकरी आणि धंदा यांविषयीचे, मागच्या पिढीला कधी घ्यावे न लागलेले निर्णय आले. अशा निर्णयांत सल्ला देणारे पुष्कळ असतात, विचारणारे थोडे. पुढील संवाद काल्पनिक असून केवळ प्रश्नपद्धतीतील फरक दाखवण्यासाठी दिला आहे. सल्लार्थी सव्वीस वर्षांचा असून त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटी कामगार आहे. घरच्या भूखंडाचा हिस्सा विकून डंपर घेण्याचा त्याचा विचार आहे.

पहिली पद्धत :

— नोकरी सोडून एकदम धंद्यात पडणं धोक्याचं नाही का वाटत?
— वाटतं ना.
— घरी विचारलंय ना सगळ्यांना?
— हो.
— मग आधी थोडे पैसे साठवून बघितलं तर?
— बघतो.

दुसरी पद्धत :

— डंपर घ्यावा, असं पहिल्यांदा केव्हा मनात आलं?
— भावकीतल्या एकानं घेतला तेव्हा. दोन वर्षं झाली.
— त्याचं काय काय बघून तसं वाटलं?
— त्याला कुणी विचारत नाही, कुठे होतास म्हणून. मला गेटवर दहा मिनिटं उशीर झाला, तर अर्धा दिवस कापतात.
— म्हणजे कमाईपेक्षा कुणाच्या हाताखाली नसणं जास्त मोलाचं आहे.
— तसं नाही, कमाई पण हवी. (थांबून) पण हो, तेच जास्त.
— हप्ता, डिझेल, ड्रायव्हर हे सगळं जाऊन त्याच्या हातात किती राहतं, हे कुठून कळेल?
— त्यालाच विचारावं लागेल. कधी विचारलं नाही.
— आणि जमिनीबद्दल घरात कोणाकोणाचं म्हणणं ऐकायचं राहिलंय?
— (बराच वेळ गप्प) आईचं. सगळे बाबांशीच बोलतात. शेतावर मात्र तीच जायची.
— या आठवड्यात काय करणार?
— रविवारी त्याच्याकडे जाऊन हिशोबाची वही बघतो. आणि आईशी बोलतो.

पहिल्या संवादातील तिन्ही प्रश्न सूचक आहेत. त्यांतून मार्गदर्शकाचे मत कळते, सल्लार्थीविषयी मात्र काहीच कळत नाही. ‘बघतो’ हा मराठीतील नम्र नकार असून त्याने संवाद संपतो. दुसऱ्या संवादात खरा प्रश्न पैशाइतकाच मानाचा असल्याचे सल्लार्थी स्वतः बोलून दाखवतो. मार्गदर्शकाचे विधान तो आधी दुरुस्त करतो आणि मग स्वीकारतो. अशी दुरुस्ती करता येणे हे संवादात मोकळेपणा असल्याचे लक्षण आहे. ‘कोणाकोणाचं’ या द्विरुक्त रूपामुळे ज्या व्यक्तीचा विचारच झाला नव्हता, ती आठवते. अखेरीस ‘बघतो’ हेच क्रियापद पुन्हा येते, पण या वेळी त्याला कर्म आहे आणि वारही. डंपर घ्यावा की नाही, हे या संवादातून ठरत नाही. विकलेली जमीन परत येत नसल्याने, ठरवण्यापूर्वी काय पाहायचे आणि कोणाला विचारायचे, एवढे निश्चित होते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीतील ‘मनाचे’ म्हणजे नेमके काय, हे शोधण्यास अशा प्रश्नांची मदत होते.

मर्यादा आणि नैतिक बाजू

प्रश्नकौशल्य सर्व प्रसंगी पुरेसे नसते. आत्महत्येचे विचार, घरातील हिंसा, बालकावरील अत्याचार किंवा गंभीर मानसिक आजाराची लक्षणे दिसल्यास खुल्या प्रश्नांनी संवाद लांबवणे अयोग्य ठरते. अशा वेळी ‘जीव द्यावा, असे विचार मनात येतात का?’ हा थेट, बंद प्रश्न शांतपणे विचारणे आणि तज्ज्ञ मदतीपर्यंत पोहोचवणे आवश्यक असते. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

जेथे केवळ माहितीची गरज असते, तेथेही प्रश्नांचा आग्रह निरर्थक असतो. प्रवेश अर्जाची मुदत किंवा शिष्यवृत्तीचे नियम विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुला काय वाटते?’ असा उलट प्रश्न करणे म्हणजे त्याला ताटकळत ठेवणे होय. आर्थिक, कायदेशीर वा वैद्यकीय प्रश्नांत मार्गदर्शकाने सल्लार्थीला त्या त्या तज्ज्ञाकडे पाठवणे अपेक्षित असते.

प्रश्नांतून व्यक्तीच्या खासगी जीवनात प्रवेश मिळत असल्याने गोपनीयता हा या व्यवहाराचा पाया आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ खाली होते. कोचिंगसाठी मात्र भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे मार्गदर्शकाचे शिक्षण, शुल्क, भेटींची संख्या आणि गोपनीयतेच्या मर्यादा यांविषयी पहिल्याच भेटीत विचारणे हा सल्लार्थीचा अधिकार आहे. निव्वळ कुतूहलापोटी विचारलेला प्रश्न, मग तो कितीही खुला असला तरी, या क्षेत्रात गैर मानला जातो. एखाद्या प्रश्नाचे उत्तर न देण्याची मुभा सल्लार्थीला असते आणि तसे त्याला आरंभीच सांगितले जाते.